मालिका सोडण्याआधी

प्रिय,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. रिक्षावाल्यानेही तुला मालिकेतल्याच नावाने हाक मारली, म्हणून तुला मालिका सोडायची आहे. तीन वर्षांपूर्वी कुणी हाकच मारत नाही म्हणून तू माझ्याकडे येऊन बसला होतास, ते मी विसरलेले नाही. असो, चेष्टा पुरे.

एकाच भूमिकेचा शिक्का बसतो हे खरं आहे, आणि विनोदी मालिकेत तो जरा जास्तच घट्ट बसतो. सिनेमातला नट बघायला लोक कपडे बदलून घराबाहेर पडतात. तुला ते वरणभात कालवता कालवता बघतात. त्यांना तू नट वाटतच नाहीस, शेजारचा मुलगा वाटतोस. यात तुझा कमीपणा काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

दिलीप प्रभावळकरांचं बघ. तुझ्यासाठी ते 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेतले आबा. माझ्या आईला विचार, ती चिमणराव म्हणेल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव' लागायची आणि ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या घरात अख्खी चाळ जमायची. बरं, चिं. वि. जोशींचे चिमणराव वाचकांच्या मनात आधीपासून ठाण मांडून होते. तरीही प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे असे काही बसले, की नंतर पुस्तक उघडलं तरी हेच दोन चेहरे दिसायला लागले. शिक्का म्हणतात तो हा. तुझ्या रिक्षावाल्याचं काय घेऊन बसलास!

पण त्याच्या आधी काय होतं? रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण प्रभावळकरांनी केली होती. म्हणजे आवाज, चाल, पाठीचा बाक, सगळं मोडून पुन्हा जोडायची सवय चिमणराव व्हायच्या आधीच अंगात मुरलेली होती. आणि नंतर? 'साळसूद'मध्ये खलवृत्तीचा माणूस. 'नातीगोती' नाटकात मतिमंद मुलाचा बाप. 1991च्या 'चौकट राजा' सिनेमात स्वतःच मतिमंद नंदू. 'हसवाफसवी' तर स्वतःच लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वतःच केल्या. मला हा त्यांचा सगळ्यात हुशार डाव वाटतो. शिक्का पुसत बसण्यापेक्षा एकाच प्रयोगात सहा माणसं उभी करायची!

'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली 2001 मध्ये, म्हणजे चिमणरावांनंतर वीसेक वर्षांनी. प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे आणि आबा सत्तरी ओलांडलेले. मालिकेचं मूळही त्यांच्याच लेखनात, 'अनुदिनी'मध्ये. दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. तुला वेळ मिळेल तेव्हा दोन-चार भाग काढून बघ, पण आबांची वाक्यं ऐकू नकोस. दुसरा बोलत असताना आबा काय करतात ते बघ. त्यांचा निम्मा विनोद ऐकण्यात आहे. तू तुझं वाक्य संपलं की विझतोस. हे मी तुला सेटवरही सांगितलं होतं.

टिपरे 2005 मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई'मध्ये तेच गांधीजी. मी थिएटरात बसले होते. शेजारच्या काकू पहिल्या दर्शनाला “अय्या, आबा!” म्हणाल्या आणि नंतर मध्यंतरापर्यंत गप्प. त्या वर्षीचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार प्रभावळकरांना मिळाला, पण मला त्या काकूंची शांतता जास्त आठवते.

एक फरक मात्र तुझ्या बाजूने मान्य करते. टिपरे आठवड्यातून एकदा लागायची. तुझी रोज. बारा-बारा तासांची शिफ्ट, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपली की रात्रपाळी, मग तालमीला जीव उरतो कुठे? तेवढ्यासाठी मालिका सोडू नकोस, पण करार नव्याने होईल तेव्हा पैसे वाढवून मागण्याऐवजी महिन्याचे चार दिवस मोकळे माग. हसतील. तरी माग. त्या दिवसांत एखाद्या प्रायोगिक ग्रुपमध्ये जा, जिथे तुला हसवायचं नाही आणि तुझं नाव पोस्टरवर चौथं असेल.

सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमांना हजेरी लावायची कामं, घे, घराचे हप्ते त्याच भरतात. दुकानाच्या उद्घाटनाला तुझा तो ठेक्याचा डायलॉग म्हणायला लाजू नकोस. नाही म्हणायचं ते दुसऱ्या चॅनेलच्या त्या ऑफरला. नाव बदललंय, मिशी लावलीय, माणूस तोच आहे. शिक्का पहिल्या भूमिकेने बसला असेल, पण तो पक्का होतो तो अशा दुसऱ्या भूमिकेने. आणि तीही यशस्वी झाली, तर मग रिक्षावाला काय, कास्टिंगवालेसुद्धा तुला त्याच नावाने हाक मारतील.

तुझ्या करारात दुसरीकडे काम करण्याबद्दल एक कलम असेल. बहुतेक शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. त्यात नाटक धरलंय का बघ. उद्या पॅकअप झालं की फोन कर आणि ते मला वाचून दाखव. तोवर राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच राहू दे.

तुझी,
ताई