तांडेलावर हात उगारता का?

"पिऊक नाय तर देवमाणूस ओ ताई. मारता ती दारू, ते नायत." देवगड तालुक्यातल्या एका खलाशाची बायको सांगत होती. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत बायका थोड्याफार फरकाने हेच सांगतात, आणि विचारतात तेही एकच : दारू सुटली की मार थांबेल ना?

थांबेलच असं नाही.

समुपदेशनासाठी दोघांना मी एकत्र बसवलं नाही. मारहाण असलेल्या घरात बायको नवऱ्यासमोर खरं बोलत नाही; बोललीच तर घरी गेल्यावर तिलाच भोगावं लागतं. तिच्याशी बोलताना कळलं की जून-जुलैत मासेमारी बंद असली की जास्त चिघळतं. बोट किनाऱ्यावर ओढलेली, मालकाची उचल डोक्यावर, आणि पैशांचा विषय निघतो तो रात्री, क्वार्टर झाल्यावर.

पुढच्या आठवड्यात तो आला. मान खाली. "माका कायच आठवणा नाय." मी विचारलं, तशा अवस्थेत तांडेलावर (बोटीच्या प्रमुखावर) कधी हात उगारलात? तो चटकन म्हणाला, "खुळो झालंय काय? दुसऱ्या दिवशी बोटीर घेवचो नाय तो." मग स्वतःच गप्प झाला. म्हणजे ब्रेक लागतो, फक्त घरात लावायची गरज वाटत नाही. सकाळी न आठवणं म्हणजे मेंदूत नोंद न होणं. त्या क्षणी काहीच कळत नव्हतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

दारूचा दोष नाही, असंही मी म्हणणार नाही. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तिने ढिला पडतो, लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. "पैसे संपले" एवढंच ऐकू येतं, दाराआडची मुलगी दिसत नाही. पण 'प्यायल्यावर माणूस चिडणारच' ही समजूतही तितकीच घातक. 1975 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पेयात दारू आहे असं ज्यांना सांगितलं, ते जास्त आक्रमक वागले. त्यांतल्या काहींच्या ग्लासात नुसतं टॉनिक वॉटर होतं!

तिच्यासोबत आधी सुरक्षेचं ठरवलं. क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात साधारण 60 ग्रॅम मद्य. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. लिंबू, ताक, थंड पाणी यांनी वेग वाढत नाही. म्हणजे सहा ते नऊ तास त्याच्याशी हिशेबाचं बोलून उपयोग नाही. पडवीतली कोयती आणि माडाचा कोयता दिराच्या घरी हलवले. आधारकार्डं, पासबुक माहेरी. आवाज चढला की मुलांना घेऊन मागच्या दाराने वहिनीकडे, आणि 112. महिलांसाठी 181 आहेच. घटस्फोट न घेताही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश मागता येतो, हे तिला माहीतच नव्हतं.

चहातून गुपचूप द्यायची पावडर तिने आणून ठेवली होती. ती टाकायला लावली. त्यात काय असतं कोण जाणे, आणि डायसल्फिरामसारखं, दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध असेल तर वर दारू पडून जिवावर बेतू शकतं. रोज पिणाऱ्याने एकदम सोडणंही धोक्याचं. थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो. म्हणून त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. सल्ल्यासाठी 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबरही दिला.

त्याच्याशी ठरलं ते असं : उचलीचा हिशेब सकाळी, चहासोबत. प्यायला तर रात्री घरी यायचं नाही, भावाकडे झोपायचं. हे त्याने मान्य केलं ते लाजेने की बायको माहेरी जाईल या भीतीने, मला सांगता येणार नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुटल्या, तोवर तो दोनदा प्यायला आणि दोन्ही वेळा भावाकडे झोपला. कोयता मात्र मी अजून परत आणू दिलेला नाही.