जुन्या पाककृतींच्या पत्रकांवरून त्या काळचा समाज कळतो का?

कळतो, पण पत्रक कोणी छापलं ते आधी बघावं. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनच्या अन्न मंत्रालयाची पत्रकं घ्या. जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग आलं. पुढे अंड्याच्या भुकटीवर अख्खं पत्रक निघालं: १ सपाट टेबलस्पून भुकटी, २ टेबलस्पून पाणी, झालं एक अंडं! साखर पुरत नाही म्हणून गोडाच्या पदार्थात किसलेलं गाजर. टंचाई तर दिसतेच, पण सरकार थेट चुलीपर्यंत पोचलं होतं हेही दिसतं. आणि मजकूर बहुतेक गृहिणीला उद्देशून. बाप्यांनी रांधावं हे फारसं कोणाच्या डोक्यातच नाही. मात्र घरोघरी तसंच शिजत होतं असं समजू नका. त्यासाठी सामान्य लोकांनी ‘मास ऑब्झर्वेशन’ या, ब्रिटनमधल्या रोजच्या जगण्याच्या नोंदी गोळा करणाऱ्या संस्थेसाठी लिहिलेल्या डायऱ्या वाचा, तिथे कुरकुरही सापडेल.