राजतरंगिणीच्या पहिल्या तीन तरंगांविषयी एका तरुण अभ्यासकास

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रबंधाचा आराखडा आणि सोबतचे पत्र दोन्ही सावकाश वाचले. कल्हणाच्या राजतरंगिणीतील, म्हणजे काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या बाराव्या शतकातील संस्कृत काव्यातील, पहिले तीन तरंग (प्रकरणे) दंतकथांनी भरलेले असल्यामुळे ते वगळावेत, चौथ्या तरंगातील कार्कोट घराण्यापासून आरंभ करावा आणि तेथून पुढचे सारे 'विश्वसनीय इतिहास' म्हणून स्वीकारावे, असा तुमचा बेत दिसतो. हा बेत सोयीचा आहे आणि अनेक मान्यवरांनी तो अवलंबलेलाही आहे. तरीही तो तुम्ही सोडून द्यावा, असे मला वाटते. ग्रंथाच्या मधोमध रेघ ओढून वरचा भाग खोटा आणि खालचा खरा ठरवला की दोन्ही भागांना प्रश्न विचारण्याचे आपले काम संपते, आणि ते संपू नये यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

आधी पहिल्या तरंगातील कालगणना पाहा, कारण तुमची मुख्य तक्रार तिच्याविषयीच आहे. कल्हण आपल्या लेखनाचे वर्ष लौकिक संवताचे (काश्मीरच्या स्थानिक कालगणनेचे) चोविसावे, म्हणजे शतके धरून ४२२४ वे, आणि शके १०७० असे देतो. इसवी सनात ते ११४८-४९ होते. तिसऱ्या गोनंदापासून आपल्या काळापर्यंत सुमारे २३३० वर्षे गेली आणि त्याच्या आधीच्या ५२ राजांची १२६६ वर्षे मानली जातात, असे तो सांगतो. या दोन आकड्यांची बेरीज ३५९६ होते. आता दुसऱ्या बाजूने मोजा. युधिष्ठिराचा काळ शककालाच्या २५२६ वर्षे आधी, हे वराहमिहिराचे गणित कल्हणाने आधाराला घेतले आहे. त्यात शके १०७० मिळवले की पुन्हा ३५९६ च येतात. काश्मीरचा पहिला गोनंद हा पांडवांचा समकालीन असे परंपरा म्हणत होती, म्हणून राजांची सारी यादी या ३५९६ वर्षांत बसवणे भाग होते. १२६६ हा आकडा कोणाच्या स्मरणातून आला नसून वजाबाकीतून आला असावा, असे मानायला चांगली जागा आहे.

हे एकदा ध्यानात आले की रणादित्याच्या तीनशे वर्षांच्या राज्याचे हसू येत नाही. तिसऱ्या तरंगातील दहा राजांना मिळून सुमारे ५९० वर्षे दिलेली आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या रणादित्याची. नावे कमी आणि वर्षे फार, अशा अडचणीत सापडलेल्या परंपरेने ती वर्षे कोणाच्या तरी पदरात घातली, आणि ज्याच्या पदरात घातली त्याच्याभोवती मग देवीच्या अवताराची कथाही गुंफली गेली. तेव्हा 'हा आकडा अशक्य आहे' एवढे लिहून थांबू नका. तो कोणत्या गरजेतून निर्माण झाला, हे दाखवता आले तर बाराव्या शतकातील काश्मिरी विद्वान भूतकाळाचा हिशेब कसा मांडत होते, यावरचे तुमचे पहिले प्रकरण तेथेच उभे राहते.

याच पहिल्या भागात कल्हणाचा प्रामाणिकपणा सर्वांत स्वच्छ दिसतो, हे मला विशेष वाटते. ५२ राजांपैकी कोणते कोठून मिळाले, हे तो नावानिशी सांगतो: गोनंदापासूनचे चार नीलमतपुराण या काश्मीरच्या स्थलपुराणातून; लव आदी आठ राजे पद्ममिहिराकडून, ज्याने ते हेलाराजाच्या पार्थिवावलीतून घेतले होते; आणि अशोकापासून अभिमन्यूपर्यंतचे पाच छविल्लाकराकडून. चार, आठ आणि पाच मिळून सतरा झाले. उरलेले पस्तीस राजे परंपरा तुटल्यामुळे 'विस्मृतिसागरात' बुडाले, असे म्हणून तो पुढे जातो. पस्तीस नावे रचणे त्याच्यासारख्या कवीला अवघड नव्हते. त्याने जागा रिकामी ठेवली. एकोणिसाव्या शतकात हसनच्या फारसी तवारिखेने हीच रिकामी जागा नावांनी भरून काढली, आणि त्या नावांवर विसंबून आजही लेख लिहिले जातात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

पूर्वसूरींविषयीही तो स्पष्ट बोलतो. जुन्या विद्वानांचे राजकथांचे अकरा ग्रंथ आणि नीलमुनीचे मत आपण पाहिल्याचे तो सांगतो; पूर्वीच्या राजांची प्रतिष्ठापनेची व दानाची शासने आणि प्रशस्तिपट्ट तपासून आपण अनेक भ्रम दूर केले, असेही म्हणतो. क्षेमेंद्र या आधीच्या काश्मिरी कवीच्या नृपावलीवर, म्हणजे राजांच्या इतिहासावर, त्याचा शेरा असा, की काव्य म्हणून ती असेलही, पण अनवधानामुळे तिचा एकही अंश निर्दोष राहिलेला नाही. ती नृपावली आज उपलब्ध नाही, त्यामुळे क्षेमेंद्राची बाजू ऐकण्याचा मार्ग नाही. म्हणून हा शेरा उद्धृत करताना तो एका प्रतिस्पर्ध्याचा आहे, एवढे भान ठेवा.

आता त्या ५२ राजांपैकी अशोक घ्या. कल्हणाच्या हिशेबाने तो तिसऱ्या गोनंदाच्याही आधी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११८२ च्याही मागे जातो. खऱ्या काळापेक्षा जवळजवळ हजार वर्षे आधी. त्याला शकुनीचा पणतू म्हटले आहे आणि त्याने वसवलेल्या श्रीनगरीत ९६ लाख घरे होती, असे सांगितले आहे. मात्र याच श्लोकांत त्याने जिनशासन, म्हणजे येथे बुद्धाचा मार्ग, स्वीकारला, शुष्कलेत्र आणि वितस्तात्र येथे स्तूप उभारले आणि विजयेश्वराच्या देवळाचा जुना प्राकार (तट) काढून दगडी बांधला, अशी माहिती आहे. वंश आणि काळ चुकला, पण माणसाचे धर्माशी व बांधकामाशी असलेले नाते टिकले. हे असे का झाले असावे? माझ्या मते, राजांच्या वंशावळी विद्वानांच्या पोथ्यांत राहतात, आणि पोथी हरवली की वंशावळ जाते. स्तूप, मठ आणि गाव मात्र जागेवर असतात आणि 'हे कोणी बांधले' याचे उत्तर तेथील लोक सांगत राहतात. हुष्क, जुष्क आणि कनिष्क या तीन तुरुष्क, म्हणजे कुशाण, राजांचेही तसेच आहे. त्यांच्या नावाची तीन नगरे कल्हण सांगतो आणि ती गावे उष्कुर, झुकुर व कानिसपोर या रूपांत आजही आहेत. कुशाणांची नाणी आणि लेख वाचले जाण्याच्या सात शतके आधी कल्हणाला हुष्क आणि कनिष्क एकत्र ठेवायचे आहेत हे ठाऊक होते, ही साधी गोष्ट नव्हे.

हूण राजा मिहिरकुलाच्या बाबतीत असा दिलासा मिळत नाही. त्याची क्रूरता, हत्तींना कड्यावरून लोटण्याची कथा, हे सारे कल्हणाकडे आहे. पण काळ इसवी सनापूर्वी सातव्या-आठव्या शतकातला आणि वडिलांचे नाव वसुकुल. ग्वाल्हेरचा शिलालेख त्याला तोरमाणाचा पुत्र म्हणतो आणि त्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरतो. कल्हणाकडे एक तोरमाण येतो तो तिसऱ्या तरंगात, मिहिरकुलानंतर कित्येक शतकांनी. तो हूण तोरमाणच होय की दुसरा कोणी, यावर एकमत नाही. येथे निकाल देण्याची घाई करू नका. दोन्ही बाजू मांडून पुढे चला.

नीलमतातून आलेल्या पहिल्या चार राजांकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. पहिला गोनंद जरासंधाच्या बाजूने मथुरेवर चालून गेला आणि बलरामाच्या हातून मारला गेला. त्याचा मुलगा दामोदर कृष्णाकडून मेला. कृष्णाने दामोदराच्या गर्भवती राणीला, यशोवतीला, राज्याभिषेक करवला. आणि तिचा मुलगा दुसरा गोनंद वयाने लहान असल्यामुळे भारतीय युद्धात त्याला कौरवांनीही बोलावले नाही आणि पांडवांनीही नाही. या कथेतून इसवी सनापूर्वीचा काश्मीर सापडणार नाही. पण महाभारताच्या युद्धात साऱ्या देशांचे राजे दिसतात, मग आमचा का नाही, हा प्रश्न काश्मिरी माणसाला बोचत होता आणि त्याचे उत्तर त्याने या कथेतून तयार केले, हे स्वच्छ दिसते. शिवाय स्त्रीच्या राज्याभिषेकाला साक्षात कृष्णाची संमती असल्याचे स्मरण ज्या प्रदेशाने जपले, त्याच प्रदेशात पुढे दिद्दा राणीने स्वतःच्या नावाने राज्य केले. या दोन गोष्टींत कार्यकारण आहे असे मी म्हणत नाही, पण त्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

आता तुम्ही जेथून आरंभ करणार होता त्या चौथ्या तरंगाकडे वळू. चंद्रापीड आणि मुक्तापीड ललितादित्य यांची नावे चीनच्या तांग राजवटीच्या इतिहासात येतात, म्हणून त्यांच्या अस्तित्वाविषयी शंका नाही. पण चीनच्या सम्राटाने चंद्रापीडाला राजा म्हणून मान्यता दिली ती ७२० मध्ये, आणि कल्हणाच्या गणनेनुसार तो तोपर्यंत मरून सुमारे पंचवीस वर्षे झाली होती! म्हणजे तुमच्या 'विश्वसनीय' भागाची सुरुवातच पाव शतकाने चुकलेली आहे. ललितादित्याने कनौजच्या यशोवर्म्याला हरवले, हे मानण्यासारखे आहे. त्यानंतर तो कलिंग, कर्णाट, कोकण, द्वारका, अवंती असे करत उत्तरकुरूंपर्यंत आणि स्त्रीराज्यापर्यंत पोहोचला, हे दिग्विजयाच्या काव्यपरंपरेचे देणे आहे. एकाच राजाच्या एकाच मोहिमेत इतिहासाचा आणि काव्याचा सांधा कोठे आहे, हे तुम्हांला श्लोकागणिक शोधावे लागेल. लौकिक संवताचा पहिला नेमका आकडा, ३८८९ (इ. स. ८१३-१४), या तरंगाच्या अखेरीस येतो. रेघ ओढायचीच असेल तर कालगणनेपुरती ती तेथे ओढा. कथांसाठी ती तेथेही उपयोगाची नाही.

कारण पाचव्या तरंगात अवंतिवर्मा राजाच्या काळातला, नदीला वळण लावणारा सुय्य भेटतो. वितस्तेत (झेलम नदीत) पडलेले खडक लोकांनी आपण होऊन उपसावेत म्हणून त्याने पाण्यात नाणी फेकली, ही गोष्ट कोणत्याही लोककथेत शोभली असती. तिच्याच पुढे कल्हण सांगतो की एक खारी (धान्याचे माप) भाताचा दर, जो पूर्वी चांगल्या दिवसांतही २०० दीन्नार असे, तो ३६ वर आला. नाण्यांची गोष्ट आणि भाताचा दर एकाच माणसाने, एकाच प्रकरणात लिहिला आहे. सोपोर हे गाव, पूर्वीचे सुय्यपुर, आजही त्याचे नाव सांगते.

सातव्या आणि आठव्या तरंगांविषयी तुम्ही सर्वांत निर्धास्त दिसता. मी तेथे सर्वांत सावध राहीन. कल्हणाचा पिता चंपक हा काश्मीरचा राजा हर्ष याचा मंत्री होता आणि ११०१ मध्ये हर्ष मारला गेला तोपर्यंत त्याच्याशी निष्ठावान राहिला, असे त्याचा मुलगाच आपल्याला सांगतो. हर्षाने देवळे लुटली, मूर्ती उखडण्यासाठी देवोत्पाटननायक नावाचा अधिकारी नेमला, हेही हाच मुलगा लिहितो. आणि परिहासपुरची बुद्धमूर्ती वाचवण्याचे श्रेय आपल्या घरातल्या कनकाला देतो. घरच्या माणसांकडून ऐकलेला इतिहास तपशिलाने समृद्ध असतो आणि त्याच कारणाने त्यात घराची बाजूही असते. आठव्या तरंगात चौतीसशेहून अधिक श्लोक आहेत आणि काळ जेमतेम अर्ध्या शतकाचा. शेवटचा राजा जयसिंह तर ग्रंथ लिहिला जात असताना गादीवर होता. राग आणि द्वेष बाजूला ठेवून न्यायाधीशासारखे बोलावे, हा कल्हणाचा आदर्श त्याच्या सातव्याच श्लोकात आहे. जिवंत राजासमोर तो कितपत पाळता आला, हे तपासणे हा त्याचा अपमान होत नाही.

हर्षाच्या प्रकरणात आपल्याकडचा एक दुवाही आहे आणि तो तुम्ही सोडू नये. कर्णाटाचा राजा पर्माडी, म्हणजे कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य, याच्या चंदला राणीचे चित्र पाहून हर्ष वेडा झाला आणि तिला मिळवण्याची प्रतिज्ञा करून बसला, असे कल्हण थट्टेच्या सुरात सांगतो. चंदला ही कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या. तिच्या स्वयंवराचे वर्णन बिल्हणाने विक्रमांकदेवचरितात केले आहे, आणि हा बिल्हण काश्मीर सोडून कल्याणीच्या दरबारी गेलेला काश्मिरी पंडित, ज्याचा उल्लेख कल्हणानेही केला आहे. हर्षाला दक्षिणेकडच्या चालीरीती आवडत आणि त्याने कर्णाटाच्या धर्तीची नाणी पाडली, असा एक श्लोक याच सातव्या तरंगात आहे. हत्तीचे चिन्ह असलेली हर्षाची सोन्याची नाणी प्रत्यक्ष सापडलेली आहेत. चित्राची कथा दरबारातली कुजबुज असू शकेल, पण नाणे कुजबुजत नाही. ही दोन्ही विधाने एकाच तरंगात येतात, तेव्हा प्रत्येकाचे वजन वेगळे करायला शिका.

कामाच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगतो. ऑरेल स्टाइन यांनी संपादित केलेली मूळ संहिता १८९२ मध्ये मुंबईत छापली गेली आणि त्यांचे सटीप भाषांतर १९०० मध्ये आले; टिपांसाठी त्यांचा आधार घ्या, पण निष्कर्ष काढण्याआधी प्रत्येक श्लोक स्वतः संस्कृतात वाचा. जर्मन संस्कृतज्ञ ब्यूलर यांनी १८७५ च्या काश्मीर दौऱ्यात मुंबई सरकारसाठी मिळवलेल्या पोथ्या आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहेत. निदान नीलमताच्या पोथ्या तेथे जाऊन हाताळून या. राजांची यादी करू नका, स्रोतांची करा: कोणती माहिती जुन्या ग्रंथातून, कोणती शासनातून, कोणती स्थानिक आख्यायिकेतून, कोणती घरातून, आणि कोणती केवळ गणित जुळवण्यासाठी आली, हे प्रत्येक राजापुढे लिहा. जेथे ठरत नाही तेथे कल्हणाप्रमाणे जागा मोकळी सोडा.

आराखड्याचे शीर्षक तूर्त बदलू नका. पहिले प्रकरण मात्र नव्याने लिहावे लागेल. अशोक ते अभिमन्यू या पाच राजांची टिपणे आधी तयार करून पाठवा, म्हणजे त्यावर सविस्तर बोलता येईल.

कळावे, लोभ असावा.