मी हिंदू, तो मुस्लिम. लग्नानंतर रोजचं कसं निभावतं?

तुम्ही विचारलंय की दोन्हीकडचे अर्धेमुर्धे तयार आहेत, तर धर्म बदलावा लागेल का, आणि लग्नानंतर रोजचं आयुष्य कसं असतं. पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नाही. दुसऱ्याचं जरा लांबेल.

माझं माहेर सांगलीचं, घर माळकरी. सासर मिरजेचं. आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. आमच्या भागात सलोख्याला काही तोटा नाही. जवळच्या कुरुंदवाडला तर मशिदींत गणपती बसतो. पण हा झाला शेजारधर्म. त्याच भागात मुलगी म्हणाली की मला पलीकडच्या घरात लग्न करायचंय, तर आरतीला शेजारी शेजारी उभे राहणारे दोन बाप एकमेकांशी बोलायचे बंद होतात. म्हणून 'आमच्या घरचे मोकळ्या विचारांचे आहेत' यावर फार विसंबू नका. मोकळे विचार दुसऱ्याच्या मुलीसाठी असतात.

आधी कागदाचं सांगते. लग्न १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालीच करा, त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकजण जिथे किमान ३० दिवस राहतोय, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कार्यालयातल्या फलकावर लागते. ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार नेऊन सह्या. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण वय, आधीचं लग्न, मानसिक अवस्था आणि निषिद्ध नातं एवढ्याच मुद्द्यांवर. काकांना पसंत नाही, ही हरकत होत नाही.

नुसत्या निकाहावर मात्र थांबू नका. मुलीनं धर्म न बदलता निकाह झाला तर कायद्याच्या लेखी तो अनियमित विवाह ठरतो. २०१९ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: मुलं औरस, बायकोला मेहर (निकाहात ठरलेली, नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) मिळेल, पण नवऱ्याच्या मालमत्तेत वारसा नाही. विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं की वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला आणि मुलं असली, तर एक तृतीयांश बायकोला आणि उरलेलं मुलामुलींना सारखं. त्याच्या आईला? काहीच नाही. हे कळल्यावर मीच नवऱ्याच्या मागे लागून मृत्युपत्र करून घेतलं, त्यात अम्मींचा वाटा लिहिलाय. सासरी माझी खरी पत त्या दिवशी वाढली. याच कायद्यानं लग्न झालं की हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असंही मानलं जातं. माहेरी शेतजमीन सामाईक असेल तर वकिलाला आधी विचारून घ्या.

आता रोजचं. आमच्या घरात एकच नियम अगदी कडक पाळतो: माझ्या माणसांना उत्तर मी द्यायचं, त्याच्या माणसांना त्यानं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्यानं काहीबाही फॉरवर्ड केलं की नवरा त्यात पडत नाही, मीच तिला फोन करते. आणि त्याच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, भरल्या बैठकीत विचारलं होतं, "कलमा कब पढ़नेवाली है तेरी बीवी?" म्हणजे मी मुस्लिम कधी होणार. मी तोंड उघडायच्या आत हा म्हणाला, "नै पढ़नेवाली, खाला. चाय लाऊँ?" खाला चहा प्यायल्या. विषय संपला असं नाही, अजून दर ईदला निघतो, पण तो माझ्याकडे येत नाही. तुमचा मित्र हे करू शकतो का, एवढं एक नीट पाहून घ्या. तुमच्याशी तो किती गोड बोलतो याला फार किंमत नाही. स्वतःच्या आईला, मावशीला, चुलत्याला सगळ्यांसमोर शांतपणे 'नाही' म्हणताना तो कसा दिसतो?

स्वयंपाकघराची लोकांना उगाच फार उत्सुकता असते. मी मटण खात नाही, तो खातो. त्याचा कुकर वेगळा, रविवारी तो स्वतः लावतो, घासतोही तोच. संपलं. रमजानमध्ये तो सगळे रोजे धरतो, पहाटे सहरीच्या जेवणाला आपला आपण उठतो. मी झोपलेली असते आणि त्याबद्दल मला अजिबात अपराधी वाटत नाही. संध्याकाळी मात्र इफ्तारला दोघं एकत्र बसतो, कारण मलाही तेव्हा भूक लागलेली असते. दिवसभर पाण्याचा घोट न घेणाऱ्या माणसाला आमचा उपवास समजावणं अवघड गेलं. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू बघून तो म्हणाला, "मग इतर दिवशी याहून कमी खाता का?"

माझे वडील पहिली काही वर्षं आमच्याकडे आले की फक्त केळी खायचे. सालाच्या आत असतं, त्याला कुणाचा हात लागत नाही, असा हिशोब. माझा जीव तुटायचा. नवऱ्यानं त्यावर एक शब्द काढला नाही, फक्त बाबा येणार कळलं की मार्केटयार्डातून चांगली केळी डझनावारी आणून ठेवायचा. आता बाबा पोहे खातात. कांदा जास्त झाला म्हणून नावंही ठेवतात.

२०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, २९ जूनला. माझ्या पोटात महिनाभर आधीपासून गोळा. पण त्या वर्षी राज्यात ठिकठिकाणी मुस्लिमांनी एकादशीला कुर्बानी करायची नाही असं ठरवलं. कुर्बानीला तीन दिवस असतात, त्यामुळं धर्माच्या बाजूनं अडचण नव्हती. आमच्या अब्बांनीही दुसऱ्या दिवसावर ढकलली, मला न विचारता, न सांगता. मी मिरजेलाच होते. सकाळी नमाज झाली, गळाभेटी झाल्या, अम्मींनी सगळ्यांसाठी शेवया केल्या आणि माझ्यासाठी वरीचे तांदूळ. त्यात छान पिवळीधमक हळद. आमच्याकडे उपवासाला हळद चालत नाही. मी दोनदा वाढून घेतले.

त्रास खरा कुठे होतो सांगू? फॉर्म भरताना. मुलीच्या शाळाप्रवेशाला 'धर्म' आणि 'जात' हे रकाने आम्ही कोरे ठेवले, तर खिडकीतून अर्ज परत आला: "काहीतरी एक लिहा." मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि 'मला धर्म नाही' असं म्हणण्याचाही अधिकार आहे. त्या निकालाची प्रत घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो, तेव्हा अर्ज घेतला. प्रत अजून फाइलमध्ये आहे, पुढे लागणारच.

भाड्याच्या घराचं थोडक्यात: एजंटला पहिल्याच फोनवर नवऱ्याचं पूर्ण नाव सांगायचं. नकार यायचाच असेल तर घरबसल्या येतो, रिक्षाचे पैसे वाचतात. लग्नाच्या दाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, हॉटेलात लागतो. आडनाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. मी बदललं नाही.

तारीख ठरवण्याआधी काही गोष्टी त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्या, लाजू नका. मुलगा झाला तर सुंता करायची का, कोण ठरवणार? मुलांचं नाव कोण ठेवणार? घरात देव्हारा असेल का? त्याचे आईवडील कायमचे राहायला आले तर त्या देव्हाऱ्याचं काय होईल? आणि दोघांपैकी कुणी गेलं तर दफन की दहन? हा शेवटचा प्रश्न सगळे टाळतात, आणि नेमका त्याच दिवशी नातेवाईक अंत्यविधी आपल्या हातात घेतात. आम्ही लिहून ठेवलंय: तो मिरजेच्या कब्रस्तानात, मी पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत. दोघांच्याही भावांना त्याची एकेक प्रत दिलीय. माझ्या भावानं वाचून विचारलं, "मग भेटणार कुठं?" त्याला म्हटलं, ते आम्ही बघू.

यातल्या एखाद्या प्रश्नाला 'बघू नंतर' असं उत्तर आलं, तर थांबा आणि पुन्हा विचारा. नोटीस तीन महिने चालते, तेवढ्यात बोलणं होतं. नाहीच झालं तर नवी देता येते.