पोलो जीटी: आधी ब्रेक, मग चाकं

प्रश्न: माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयला १६ इंची चाकांऐवजी १७ इंची अलॉय आणि पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बसवायचे आहेत. दुकानदार म्हणतो, चाकं आत्ता घ्या, ब्रेकचं नंतर बघू. घेऊ का? (पुणे)

उत्तर: नका घेऊ. ब्रेक किट ठरल्याशिवाय चाकांचे पैसे देऊ नका. चाक १७ इंची आहे म्हणून मोठा कॅलिपर आत मावतोच असं नाही. बहुतेकदा तो अडतो आऱ्यांना. किटसोबत कॅलिपरचा कागदी साचा मिळतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाकाच्या आतून पूर्ण फिरवून पाहा. सगळीकडे किमान ३ मिलिमीटर फट हवी.

पोलोचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचं माप) ५×१००, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट, आणि मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा याहून मोठं असतं, तेव्हा नेमक्या मापाची हब रिंग (चाकाचं भोक आणि गाडीचा हब यांतली फट भरणारी कडी) लागते. ती नसली की चाक केंद्रात बसण्याची जबाबदारी एकट्या बोल्टांवर येते, आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मग बॅलन्सिंग कितीही करा, फरक पडत नाही.

बोल्टांकडे तर अजिबात दुर्लक्ष नको. मूळ बोल्ट (एम१४×१.५) गोल बैठकीचे (बैठक म्हणजे बोल्ट आणि चाक जिथे एकमेकांवर टेकतात तो भाग) असतात, तर बाहेरच्या अलॉयला बहुधा ६० अंशांची निमुळती बैठक असते. जुनेच बोल्ट आवळले तर ते फक्त एका कडेवर टेकतात आणि चालत्या गाडीत सैल होतात. चाकाच्या बैठकीला जुळणारे बोल्ट घ्या, टॉर्क पान्ह्याने १२० न्यूटन-मीटरला आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. एअर गनने आवळून गाडी ताब्यात देत असतील, तर पान्हा मागून घ्या.

ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये) जुन्या चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. समजा ७ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटचं चाक काढून साडेसात इंच आणि ३५ चं लावलं, तर बाहेरची कड सुमारे १६ मिलिमीटर बाहेर येते. चार माणसं बसवून खड्ड्यातून गेलात की टायर फेंडरला घासण्याची शक्यता मोठी.

टायरच्या मापात १९५/५५ आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) च्या जागी २०५/४५ आर १७ चालतो. व्यास जेमतेम ५ मिलिमीटरने कमी होतो. मात्र टायरची भिंत १०७ वरून ९२ मिलिमीटरवर येते, म्हणजे खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८४ चा घेऊ नका, ८८ चा घ्या.

प्रश्न: मोठं ब्रेक किट बसवल्यापासून ब्रेकचं पेडल खोल जातं. तीनदा एअर काढून झाली. (नाशिक)

उत्तर: पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर घट्ट होतं का? होत असेल तर आत हवा आहे. आधी ब्लीडिंगचा (हवा काढण्याचा) निपल पाहा. तो कॅलिपरच्या वरच्या टोकाला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला तर निपल खाली जातो आणि वर अडकलेली हवा कधीच निघत नाही. पेडल टणक आहे पण खोल जातं, असं असेल तर नव्या पिस्टनांचं एकूण क्षेत्रफळ मूळ मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) जास्त होतंय. तिथे ब्लीडिंगने काही होणार नाही, किटच बदला.

प्रश्न: आंबा घाट उतरताना ब्रेक मंदावतात. मोठं किट घ्यावं का? (कोल्हापूर)

उत्तर: आधी लक्षण ओळखा. पेडल मऊ पडलं तर ब्रेक ऑइल उकळलंय. पेडल टणक असून गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवं असताना २३० अंश सेल्सिअस, ओलावा शिरल्यावर १५५. दर दोन वर्षांनी ते बदला, चांगले पॅड घाला आणि उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता, आणि मग दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवा. तापलेले पॅड डिस्कवर दाबून गाडी उभी केली तर त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरत राहतं.