ऑनलाइन प्रार्थनेत मन का लागत नाही?

"मॅडम, माझं मनच नाही लागून राहिलं जी. देवाचं सोडून फोनवरचे चेहरे पाहत बसते. श्रद्धा कमी झाली का माझी?"

नागपुरातल्या मानेवाड्याच्या काकू, वय ६८. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तुकडोजी महाराजांनी विदर्भात गावोगाव रुजवलेली संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्या लग्नाआधीपासून म्हणत आलेल्या. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर प्रार्थनेच्या मंडळात जाणं थांबलं, तेव्हा मुलाने फोनवर व्हिडिओ कॉल जोडून दिला. रोज साडेसहाला २३ जणी. महिनाभरात प्रार्थना संपली की काकूंना रडू यायला लागलं.

२०२० च्या टाळेबंदीपासून ही तक्रार मी ऐकते आहे. जवळजवळ प्रत्येक जण दोष स्वतःकडेच घेतो, याचं मला फार वाईट वाटतं. काकूंना मी श्रद्धेविषयी काही विचारलं नाही. म्हटलं, "तुमचा माईक सुरू असतो की बंद?"

"बंदच. सगळ्यांचे सुरू केले की नुसता कालवा होते."

व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, आणि तोही प्रत्येकीला वेगवेगळा. शिवाय अनेक जणी एकदम म्हणू लागल्या की अ‍ॅप एखादा आवाज पुढे करून बाकीचे दाबतं. म्हणून माईक बंद, आणि प्रत्येक जण आपापल्या घरात एकटी. मंडळात शेजारणीचा सूर आपल्या सुराला धरून ठेवतो, विसरलेली ओळ तिच्या तोंडून मिळते. काकूंचा तो आधार तुटला होता आणि त्यालाच त्या श्रद्धा कमी झाली म्हणत होत्या.

आम्ही ठरवलं: एकीने ओळ म्हणायची, दुसरीने झेलायची. माईक त्या दोघींचेच सुरू, जोडी रोज वेगळी. फोन हातात न धरता डब्याला टेकवून लांब ठेवायचा. शेवटी दहा मिनिटं सगळ्यांचे माईक उघडायचे, गप्पांसाठी. कालवा होऊ दे, मंडळात चपला घालतानाही तो व्हायचाच. आणि खालच्या मजल्यावरच्या ताईंना सोबत बसवायचं.

"त्यांना पाठ नाही ना जी."

"मग तुम्ही शिकवा."

तीन आठवड्यांनी काकू आल्या. "परवा माझा नंबर होता. मधातच ओळ विसरली मी. तर काटोलवालीनं पटकन उचलली!" बोलताना डोळे भरले होते, पण यावेळी त्या हसतही होत्या.

मंडळात जायची ओढ मात्र तशीच आहे, आणि ती राहावी असंच मला वाटतं. व्यायामाच्या वहीत त्यांनी पहिल्याच पानावर लिहिलंय: मंडळाच्या चार पायऱ्या.