जुना चिलर बदलण्यापूर्वी

प्रश्न : आमच्या हॉटेलात 60 खोल्या आणि 2 सभागृहे आहेत. 2006 साली बसवलेले, कूलिंग टॉवरवर चालणारे 60 टनांचे (टन म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचे माप) 2 रेसिप्रोकेटिंग, म्हणजे पिस्टनच्या कॉम्प्रेसरचे, चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रे) आहेत आणि गरम पाणी डिझेलच्या बॉयलरवर होते. वीजबिल परवडेनासे झाले आहे. दोन्ही चिलर काढून 120 टनांचा एकच नवा बसवा, असे पुरवठादार म्हणतो. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : 120 टनांची ऑर्डर तूर्त देऊ नका. हा आकडा जुन्या नेमप्लेटवरून घेतलेला दिसतो. इमारतीला प्रत्यक्षात किती थंडावा लागतो, हे त्यातून कळत नाही. ते मोजता येते. चिलरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानातील फरकाला ताशी घनमीटरमधील प्रवाहाने गुणून 3.024 ने भागले की टन मिळतात. ताशी 40 घनमीटर पाणी 12 अंशांवर शिरून 9 अंशांवर बाहेर पडत असेल, तर काम सुमारे 40 टनांचेच होते. त्या वेळी कॉम्प्रेसर 52 किलोवॅट घेत असेल, तर टनामागे 1.3 किलोवॅट पडतात. चांगला नवा स्क्रू चिलर (फिरत्या स्क्रूंच्या कॉम्प्रेसरचा) साधारण 0.6 ते 0.7 मध्ये भागवतो. मे महिन्यातील दुपार, पहाट आणि लग्नाचा दिवस अशा वेगवेगळ्या वेळच्या नोंदी ठेवा.

मात्र सगळा दोष यंत्राच्या वयाला देण्याआधी कंडेन्सरचे (चिलरमधील उष्णता टॉवरच्या पाण्याला देणाऱ्या भागाचे) झाकण उघडून नळ्यांच्या तोंडाशी बोट फिरवून पाहा. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा, खरखरीत थर हाताला लागला, तर आधी डिस्केलिंग करून, म्हणजे तो थर काढून, घ्या आणि मोजणी पुन्हा करा. चिलरमध्ये आर-22 वायू (ओझोन थराला घातक असा जुना शीतक) असेल, तर मोठ्या दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मॉन्ट्रियल करारानुसार भारतात त्याचा वापर 2030 पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे.

पंप आणि पंख्यांना व्हीएफडी (मोटरची गती गरजेनुसार कमी-जास्त करणारे उपकरण) बसवणे तुलनेने स्वस्त पडते. पंख्याची गती 80 टक्क्यांवर आणली की वीज जवळपास निम्मी लागते. पंपाच्या बाबतीत कॉइलवरचे (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरचे) थ्री-वे व्हॉल्व्ह, म्हणजे नको असलेले पाणी कॉइलला वळसा घालून परत पाठवणारे, बदलून ते पाणी अडवणारे टू-वे करावे लागतात. नाहीतर प्रवाह कमी होत नाही आणि खर्च वाया जातो.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे, की गच्चीवरच्या टॉवरमधून उष्णता हवेत सोडायची आणि त्याच इमारतीत पाणी तापवायला डिझेल जाळायचे. चिलरकडे परतणाऱ्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप विजेच्या एका युनिटमागे सुमारे 3 युनिट उष्णता देतो आणि ते पाणी थंडही करतो. चिलरवरचा तेवढा भार हलका होतो, म्हणून हीट पंपाचा निर्णय आधी घ्या आणि चिलरचा आकार त्यानंतर ठरवा.